अल्पसंख्याक असण्याची दुसरी बाजू



जानेवारी 2014 मध्ये केंद्र शासनाने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर धार्मिक अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. संविधानाच्या कलम 30 नुसार आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालविण्याचा अधिकार अल्पसंख्याकांना आहे. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमती खटल्यात निर्णय दिला की, शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. त्यामुळे वंचित व दुर्बल घटकांतील बालकांना 25 टक्के जागा देण्याचे बंधन या शाळांवर उरले नाही. 2025 मध्ये न्यायालयाच्याच एका पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त केली आहे. तो प्रश्न न्यायालय सोडवील. मात्र जमेची बाजू लिहिली की नावेची बाजूही लिहावी लागते, हे व्यापारी घराला सांगावे लागत नाही. अधिकार जमेस धरले. नावे काय लिहिले?

आपल्या शहराकडे पाहावे. 2011 च्या जनगणनेनुसार येथे मुस्लिम सुमारे 30 टक्के आणि बौद्ध सुमारे 15 टक्के आहेत. सरस्वती भुवन 1915 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय 1950 मध्ये आणि मौलाना आझाद महाविद्यालय 1963 मध्ये, अशा संस्था येथे निरनिराळ्या प्रेरणांतून उभ्या राहिल्या. वेरूळला बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी एकाच डोंगरात आहेत. हे सारे आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवितो. पण आपल्या मुलांच्या वर्गात, वाढदिवसात, सुटीतल्या खेळात या शहरातील किती घरे येतात?

समाजाची वृत्ती बोलण्यावरून कळत नाही, ती निवडीवरून कळते. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने 2021 मध्ये भारतातील सुमारे 30,000 प्रौढांच्या मुलाखतींवर आधारित अहवाल प्रसिद्ध केला. खरे भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर फार महत्त्वाचा आहे, असे 84 टक्के लोकांनी सांगितले. शेजाराचा प्रश्न आला तेव्हा मात्र 36 टक्के हिंदूंनी मुस्लिम शेजारी नको म्हटले आणि जैनांमध्ये हे प्रमाण 54 टक्के निघाले. हा आकडा आपल्याला टोचला पाहिजे.

यावर आहाराचे कारण दिले जाते. आहारशुद्धीचा आग्रह प्रामाणिक आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु त्याच पाहणीत 92 टक्के जैनांनी हिंदू शेजारी चालेल असे सांगितले आणि हिंदूंमध्येही मांसाहार करणारे पुष्कळ आहेत. मग नकार ताटाला आहे की नावाला? व्रत स्वतःसाठी असते. दुसऱ्याला मोजण्याचे माप म्हणून ते वापरले की त्याचा अहंकार होतो.

या प्रश्नाशी आपल्यातीलच एक विद्यार्थी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी भिडला होता. कुंभोज येथे 1887 मध्ये जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास ते गेले. परतल्यावर स्नान केल्याविना भोजनगृहात येऊ नये, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. पुढे 1919 मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू, रांधू आणि जेवू लागली. ज्या कर्मवीरांचा आपण आज गौरव करतो, त्यांना आपल्याच पंगतीतून उठावे लागले होते, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

केवळ एका वर्गात बसविल्याने पूर्वग्रह जात नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच मांडले होते की, समान दर्जा, समान ध्येय, परस्परांवाचून पूर्ण न होणारे काम आणि वडीलधाऱ्यांचा स्पष्ट पाठिंबा असेल, तरच सहवासातून मने जुळतात. म्हणून प्रकल्पांचे गट मुलांच्या मर्जीवर न सोडता शिक्षकांनी मिसळून करावेत. सहलीत सूर्यास्तापूर्वी जेवणाची सोय व्हावी, असे आपण हक्काने सांगतो. तशीच रोजा ठेवणाऱ्या मुलाच्या इफ्तारची आठवणही आपणच शाळेला करून द्यावी.

आपल्यापैकी अनेकजण शाळांचे विश्वस्त आहेत. कायद्याने सूट दिली आहे, मनाई केलेली नाही. काही जागा आणि शुल्काचा काही भाग वंचित बालकांसाठी स्वेच्छेने राखता येईल आणि वार्षिक सभेत हिशेबासोबत त्याचाही आढावा मांडता येईल.

घरी तर याहून सोपे काम आहे. मुलाने नव्या मित्राचे नाव सांगितले की आडनाव विचारण्याआधी, त्याला काय आवडते ते विचारावे. डब्यातले दुसऱ्याचे खाऊ नये, हे मुलाला जरूर शिकवावे, पण त्याकडे पाहून नाक मुरडू नये, हेही त्याच वेळी शिकवावे. वाढदिवसाला सगळा वर्ग बोलवावा. आपल्या स्वयंपाकघरात जे शिजते, ते बहुतेक कोणत्याही धर्माचे मूल निःशंकपणे खाऊ शकते. इतके मोकळे ताट असलेल्या घराने दार मिटून का घ्यावे?