झाड कुणाचं? आधी बुंधा बघा

गल्लीतले सर्व रहिवासी, बंगलेवाले आणि सोसायट्यांचे कमिटी मेंबर यांना,

गेल्या वर्षी वळवाच्या पहिल्याच सरीत कोपऱ्यावरच्या गुलमोहराची फांदी कोसळली आणि दोन स्कूटर तिच्याखाली सापडल्या. सोसायटी म्हणाली, झाड रस्त्यावर आहे, ते सरकारी. पाहायला आलेले साहेब म्हणाले, बुंधा तर तुमच्या भिंतीला चिकटलाय. फांदी दोन दिवस तशीच पडून होती. शेवटी इस्त्रीवाल्यानं कोयता आणून वाट मोकळी केली. (याच गुलमोहराच्या सावलीत गाडी लावण्यावरून वर्षभर भांडणं होतात. तेव्हा मात्र झाड सगळ्यांचं असतं.)

यंदा मृग लागायच्या आत हा घोळ मिटवू या, म्हणून हे आवाहन.

फांद्या कुठे झुकल्या, पाला कुणाच्या दारात पडतो, रोप कुणी लावलं, यावर झाडाची जबाबदारी ठरत नाही. बुंधा जमिनीतून जिथे वर येतो, ती जमीन ज्याची, त्याचं झाड. फुटपाथवर असेल तर महापालिकेचं, आवारात असेल तर मालकाचं किंवा सोसायटीचं. आजोबांनी फुटपाथवर लावलेली बकुळ तुम्ही जाळी ठोकून, रोज पाणी घालून वाढवली असेल. तरी ती महापालिकेचीच.

खरी गोची हद्दीची आहे. आपण कंपाउंडच्या भिंतीलाच हद्द समजतो. पण जुने बंगले पाडून इमारती उठल्या, तेव्हा कित्येकांना पुढची पट्टी रस्तारुंदीसाठी सोडावी लागली. भिंत मागे आली आणि अंगणातला आंबा फुटपाथवर उभा राहिला. काही ठिकाणी याच्या उलट झालंय, भिंतच हातभर पुढे सरकली आहे. कुणाची, ते इथे लिहीत नाही. तेव्हा भिंतीवर विसंबू नका. प्रॉपर्टी कार्ड आणि सिटी सर्व्हेचा नकाशा काढा, इमारतीच्या मंजूर नकाशाशी ताडून बघा. एवढ्यानंही मिटलं नाही तर मोजणीचा अर्ज करता येतो. बुंधा नेमका रेषेवरच निघाला, तर उद्यान विभागाकडच्या अर्जावर दोन्ही बाजूंच्या सह्या असू द्या.

झाड आपल्या हद्दीत निघालं म्हणून त्यावर कुऱ्हाड चालवता येत नाही. शहरांतल्या झाडांसाठी राज्यात 1975 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात झाड ‘तोडणे’ म्हणजे नुसतं आडवं करणं नव्हे. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही त्यातच धरलंय. बुंध्यात ॲसिड ओतणारे हुशार लोक त्यातून सुटत नाहीत. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. छाटणीचा खर्च तुमचा असला, तरी परवानगी वृक्ष अधिकाऱ्याचीच लागते. फांदी विजेच्या तारेला टेकली असेल तर माळ्याला वर चढवू नका, आधी वीज कंपनीला कळवा.

आणखी एक विनंती. फुटपाथचं काम निघालं की पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवतात, केबलसाठी चर खणताना मुळं तोडतात. वरून हिरवंगार दिसणारं झाड मग वाऱ्यानं मुळासकट उलटतं. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या दारात काम चालू असेल तेव्हा निदान तेवढी माती उघडी ठेवून घ्या. ठेकेदार कुरकुर करील, करू द्या.

येत्या रविवारी सकाळी 8 वाजता गल्लीच्या तोंडाशी जमायचं आहे. येताना प्रॉपर्टी कार्डाची झेरॉक्स आणि मोजपट्टी आणा. एकेका झाडापाशी थांबून फोटो काढू. बुंधा कुठे आहे, पोखरलाय का, वाळकी फांदी कोणत्या बाजूला आहे, सगळं लिहून घेऊ. फुटपाथवरच्या झाडांसाठी सगळ्यांचा मिळून एक अर्ज जाईल, आवारातल्या झाडांसाठी ज्यानं त्यानं आपला करावा. अर्जाची शिक्का मारलेली पोच जपून ठेवा. उद्या नुकसानभरपाईचा वाद झालाच, तर धोका आधी कळवला होता का, हे आधी विचारलं जाईल.

सुरुवात गुलमोहरापासून. त्या सकाळी कृपया त्याच्याखाली गाड्या लावू नका.

आपले,
गल्लीतले काही शेजारी