बाटलीत काय भरावं, उन्हात काय वाळवावं

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किरकोळ बाजारात किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. काही शहरांत तर दीडशेच्याही पुढे. सप्टेंबर उजाडला आणि नाशिक-पुणे पट्ट्यात तोच माल इतका पडला, की वाहतूकही सुटेना म्हणून शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. त्या वर्षीचं उदाहरण मोठं म्हणून लक्षात राहिलं, एवढंच. लहान प्रमाणावर हे दरवर्षी होतं. माघ-फाल्गुनात टोमॅटो बांधावर टाकायचा आणि आषाढात तोच पावकिलो विकत आणायचा, असं करणारी घरं आपल्याच गावात आहेत. पिकवणाऱ्याच्या स्वयंपाकघरात भाजी नाही, याला काय म्हणावं?

बाजारभाव आपल्या हातात नाही, हे मान्य. पण घरची भाजी घरात ठेवणं हातात आहे, आणि ही काही नवी विद्या नव्हे. कार्तिक-मार्गशीर्षात हरभऱ्याचे शेंडे खुडायचे, पाला सावलीत वाळवायचा आणि गाडग्यात तोंड बांधून ठेवायचा, ही रीत आपल्याकडे घरोघर होती. खुडल्याने हरभऱ्याला फुटवे जास्त येतात, म्हणजे पिकाचं नुकसान नाही आणि घरात पावसाळ्याची भाजी. चैत्र-वैशाखात गवार, कारली, वांगी, भेंडी चिरून उसऱ्या घालायच्या, सांडगे घालायचे, मिरच्या भरून वाळवायच्या. पाऊस लागून आठ दिवस वाटा बंद झाल्या तरी चुलीवर कालवण असायचं. आता वाळवणात पापड-कुरडया तेवढ्या राहिल्या. भाज्या वाळवणं हे गरिबीचं लक्षण आहे असं कुणी ठरवलं कोण जाणे, पण वाळलेल्या मेथीची पुडी दुकानातून आणताना मात्र आपल्याला कमीपणा वाटत नाही.

मधल्या काळात बाटल्या आल्या. बचत गटांच्या प्रशिक्षणात भाज्या बाटलीत भरून ठेवण्याची प्रात्यक्षिकं होतात. भगिनी उत्साहाने शिकतात, वहीत उतरवून घेतात. हे चांगलंच आहे. पण अशा एका प्रात्यक्षिकात मटार, गवार आणि फरसबी मिठाच्या पाण्यात भरून, बाटल्या पातेल्यात अर्धा तास उकळून 'वर्षभर टिकेल' असं सांगताना मी पाहिलं, आणि हा लेख लिहिण्याचं कारण तेच. हे शिकवणं धोक्याचं आहे. त्याचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे, कारण ही चूक डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही.

मातीत एक जंतू असतो, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. शेतातून आलेल्या कुठल्याही भाजीवर तो असू शकतो. उघड्या हवेत तो वाढत नाही, म्हणून रोजच्या खाण्यात त्रास देत नाही. त्याला हवा नसलेली, ओलसर आणि आंबट नसलेली जागा लागते. मटाराची झाकणबंद बाटली म्हणजे अगदी तीच जागा. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. ते मारायला ११६ ते १२१ अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि उघड्या पातेल्यातलं पाणी १०० च्या वर जात नाही. आपल्या देशावर, म्हणजे सहाशे-सातशे मीटर उंचीच्या गावांत, ते ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. तेव्हा अर्धा तास उकळा नाही तर तीन तास, बीजाणू तसेच राहतात. पुढे बाटलीत ते रुजतात आणि विष तयार करतात. ते पोटात गेलं की आधी नजर दुहेरी होते, पापण्या जड होतात, जीभ अडखळते. मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात.

आपल्याकडे कुठे असं होतंय, असं कुणी म्हणेल. घरी भाज्या बाटलीत भरायची सवय जिथे शंभर वर्षांहून जुनी आहे, त्या अमेरिकेतलं पाहा. ओहायो राज्यात लँकास्टर या गावी एप्रिल २०१५ मध्ये चर्चची पंगत झाली. एका घरून बटाट्याचं सॅलड आलं होतं. बटाटे घरीच बाटलीत भरलेले, पण दाबाखाली नव्हे, साध्या उकळत्या पाण्यात. २९ जण आजारी पडले, एक बाई दगावली. आपल्याकडे सप्त्याच्या नाही तर लग्नाच्या पंगतीला किती पानं उठतात, ते सांगायला नको.

मग बाटली नकोच का? तसं नाही. हा जंतू आंबटात वाढू शकत नाही. आंबटपणा मोजायचं जे माप आहे, सामू, तो ४.६ किंवा त्याखाली असला की तो गप्प. मातीच्या परीक्षणात सामू आपण पाहतो, तोच हा. कैरी, लिंबू, आवळा, चिंच यांना भीती नाही. मटार, गवार, फरसबी, बटाटा, गाजर, भेंडी, पालेभाज्या, मक्याचे दाणे हे सगळे या रेषेच्या वर आहेत. टोमॅटो मात्र नेमका काठावर बसलेला. काही वाण, काही फार पिकलेली फळं ४.६ च्या वर जातात. चवीला आंबट लागतो म्हणून सोडून द्यायचं नाही.

कुकरबद्दल नेहमी विचारतात. कुकरमध्ये उष्णता १२१ पर्यंत जाते, मग बाटल्या त्यात शिजवल्या तर? तत्त्वाने प्रश्न बरोबर आहे. पण बाटलीच्या मधोमध ती उष्णता किती वेळात पोहोचते, हे मोठ्या, दाबमापक असलेल्या भांड्यांवर तपासून वेळा ठरवलेल्या आहेत. आपला पाच लिटरचा कुकर लवकर तापतो आणि लवकर निवतो, त्याला त्या वेळा लागू होत नाहीत. शिट्ट्या मोजून हे काम होत नाही. म्हणून घरी बाटलीत टोमॅटो भरा, बाकीच्या भाज्या वाळवा नाही तर लोणचं घाला. लोणच्याला व्हिनेगर वापरणार असाल तर बाटलीवरची आम्लता ५ टक्के आहे ना ते बघून घ्या आणि त्यात मनाने पाणी वाढवू नका.

आता टोमॅटोचं. निरोगी, घट्ट, पूर्ण लाल फळं घ्या. किडका, डागाळलेला माल 'नाही तरी टाकायचाच' म्हणून बाटलीत घालू नका. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून साल काढा, ठेचून उकळा, चाळणीतून काढा आणि हवा तेवढा आटवा. वीस किलोच्या एका क्रेटचा दाट रस साधारण सहा लिटर निघतो, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बारा बाटल्या. आठवड्याला एक धरली तर जून ते ऑगस्ट सगळा निघाला. जळण लागतं हे खरं. त्यासाठी दोन-तीन घरांनी मिळून मोठ्या भांड्यात काम काढावं.

बाटल्या काचेच्या, रुंद तोंडाच्या, आणि झाकणं नवीन घ्या. जुन्या झाकणाच्या आतलं रबर दबलेलं असतं, ते हवा धरत नाही. गरम बाटलीत अर्ध्या लिटरला पाव चहाचा चमचा लिंबूसत्त्व टाका आणि त्यावर उकळता रस भरा. ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, म्हणून किराणा दुकानातलं लिंबूसत्त्वच बरं. चवीला आंबट वाटलं तर वापरताना गूळ घाला, लिंबूसत्त्व कमी करू नका. वर अर्धा इंच जागा सोडून झाकण लावा. पातेल्याच्या तळाशी जाळी किंवा जाड फडकं घाला, बाटल्यांच्या वर इंचभर पाणी राहिलं पाहिजे. पाणी खळखळ उकळायला लागल्यापासून कोकणात ३५ मिनिटं, देशावर ४०. बाहेर काढून लाकडी पाटावर ठेवा, थंड फरशीवर ठेवली तर बाटली तडकते. दुसऱ्या दिवशी झाकणाचा मध्य आत बसलेला दिसला पाहिजे. बोटाने दाबल्यावर टकटक वाजत असेल तर ती बाटली त्याच आठवड्यात संपवून टाका.

या रसात कांदा, लसूण, मिरची काही घालू नका. त्याने आंबटपणा कमी होतो आणि वरच्या वेळा चुकतात. फोडणी वापरायच्या दिवशी. फुगलेलं झाकण, उघडताना फसफस, बुरशी, वास, यातलं काहीही दिसलं तर जनावरांच्या घमेल्यातही टाकायचं नाही, खड्ड्यात पुरायचं.

वाळवणाबद्दल थोडं. गवार-कारल्याच्या चकत्या मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं काढल्या की रंग राहतो आणि पुढे चिवट होत नाहीत. चकत्या सारख्या जाडीच्या हव्यात. उंच बाजेवर, वर पातळ फडकं ताणून वाळवा, संध्याकाळी घरात घ्या. पालेभाज्या सावलीतच वाळवा. मोडताना कट्‌कन आवाज आला म्हणजे वाळलं. डब्यात भरल्यावर पहिला आठवडा रोज हलवून बघा, आतून दमटपणा दिसला तर परत ऊन द्या. दहा किलो भाजीचं साधारण किलोभरच हाताला लागतं, त्यामुळे जागा फार लागत नाही. पावसाळ्यात मग रोज तेच पिठलं नको. हरभऱ्याच्या पाल्याची शेंगदाण्याचं कूट लावून पातळ भाजी, उसऱ्यांचा रस्सा, टोमॅटोचं सार, त्याच रसात मसूर नाही तर मटकी. एवढ्यावर महिना निघतो.

ग्रामपंचायतींनी यात काय करावं? स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते बऱ्याच ठिकाणी शिलाई यंत्रं आणि सतरंज्यांत संपतात. त्यातून गावासाठी एक सौर वाळवणी यंत्र, एक तराजू, सामू मोजायच्या कागदाच्या पट्ट्या आणि वीस-पंचवीस लिटरची दोन पातेली घेता येतील. डबे सील करायचं यंत्र घेऊ नका, ते खपवायला कुणी आलं तरी. त्या डब्यांना लागणारी दाबाची उष्णता गावात कुणाकडे नसते. प्रशिक्षक बोलवायचा तर कृषी विज्ञान केंद्रातल्या गृहविज्ञान विषयाच्या तज्ज्ञांना बोलवा, आणि त्यांना सरपंचांनी किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आधीच विचारावं: या पदार्थाचा सामू किती, आणि उकळायची वेळ कुठल्या तक्त्यातून घेतली? उत्तर आलं नाही तर प्रात्यक्षिक वाळवणाचं ठेवा.

गटाला विक्री करायची असेल तर गोष्ट वेगळी. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे, त्याखाली नोंदणी केल्याशिवाय एकही बाटली विकता येत नाही, लेबलावर तारीख आणि घटक लागतात. आधी एक वर्ष घरापुरतं करा. बारापैकी किती बाटल्या धड राहिल्या ते वहीत लिहून ठेवा. नोंदणीचा अर्ज त्यानंतर.

हरभऱ्याची खुडणी पेरणीपासून तीस-पस्तीस दिवसांत, फुलं लागायच्या आत करायची असते. फवारणी झालेली असेल तर औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस जाऊ द्या, नाही तर त्या शेताचा पाला घरात आणू नका.