हक्क कीं बक्षीस?

केवळ ज्ञानच तुम्हांस तुमचा हक्क मिळवून देतें, असें ब्रीद २०१२ सालीं ‘कौन बनेगा करोडपति’ या दूरचित्रवाणीवरील खेळानें धारण केलें. ब्रीद कानास गोड लागतें. सुशिक्षित घरांतून त्याचें मोठें कौतुक होतें. इतर मालिका मुलांस वर्ज्य करून एवढ्या एका खेळापुरती सवलत देणारे पालकही पुष्कळ आहेत. लक्ष्मीनें अखेर सरस्वतीस आपल्या पंक्तीस बसविलें, असा कांहींसा समाधानाचा सूर या कौतुकांत असतो. आमचा या ब्रीदास विरोध आहे. खेळास नाहीं, जिंकणारांस तर मुळींच नाहीं. विरोध आहे तो ‘हक्क’ या एका शब्दास.

प्रथम खेळाच्या पदरांत त्याचें माप घालूं. इंग्लंडांत १९९८ सालीं निघालेला हा खेळ ३ जुलै २००० रोजीं हिंदींत आला, आणि २०१३ सालीं त्याची मराठी आवृत्तीही निघाली. पहिल्याच वर्षीं मुंबईच्या एका तरुणानें एक कोट रुपये जिंकले. २०११ सालीं बिहारांत ग्रामीण रोजगार योजनेवर काम करणाऱ्या एका संगणकचालकानें पांच कोट मिळविले. ज्या पडद्यावर सासूसुनांच्या कारस्थानांस अंत नाहीं, त्यावर घटकाभर तरी भूगोल, इतिहास आणि पुराणें यांची उजळणी होते, ही गोष्ट आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. दिव्यांच्या झगमगाटांत, सहस्रावधि डोळ्यांसमोर, बुद्धि ठिकाणावर ठेवणाऱ्या स्पर्धकाचें धैर्यही खरें असतें.

आतां हा खेळ चालतो कसा तें पहा. नोंदणीचा प्रश्न सोपा असतो. अचूक उत्तर देणारे असंख्य निघतात. त्यांतून कोणास बोलवावयाचें हें आधीं संगणकाची चिठ्ठी आणि मग चाचणी व मुलाखत ठरवितात. २०१९ च्या पर्वाचा दाखला घेऊं. निवडलेल्या दहांस चार गोष्टी योग्य क्रमानें लावावयास सांगत, आणि सर्वांत कमी वेळांत जो लावी तो खुर्चीवर बसे. दुसऱ्याचें ज्ञान त्याच्याइतकेंच असलें तरी त्याचें बोट क्षणाच्या एका अंशानें मागें राहिलें, तर तो बसल्या जागींच राहिला! पुढें प्रश्नागणिक रक्कम वाढत जाई. पांचव्या प्रश्नाचे १०,००० आणि दहाव्याचे ३,२०,००० हे दोन मुक्काम तेवढे निर्धोक. पन्नास लक्षांवर पोहोंचलेला मनुष्य एक कोटीच्या प्रश्नास चुकला, कीं तो ३,२०,००० वर येऊन आदळे. एका चुकीची किंमत ४६,८०,००० रुपये. ज्या शाळेंत पंधराव्या प्रश्नास चुकणाऱ्याचे आधींच्या चार बरोबर उत्तरांचे गुणही काढून घेतात, त्या शाळेंत आपण आपलीं मुलें घालूं काय? येथें परीक्षा होते ती निम्मी माहितीची आणि निम्मी छातीची. छातीच्या परीक्षेस आमची हरकत नाहीं. पण तिला ज्ञानाची परीक्षा म्हणूं नये.

आणि माहिती म्हणजे तरी ज्ञान काय? पानिपतची लढाई कोणत्या सालीं झाली, हें चार पर्यायांतून निवडतां येतें. ती आपण कां हरलों, हें चार पर्यायांत मावत नाहीं. मुलांस या खेळानें वाचनाची गोडी लागते असें म्हणणारांनीं एवढेंच पाहावें, कीं त्यांचीं मुलें ग्रंथ वाचूं लागलीं आहेत कीं सामान्यज्ञानाच्या मार्गदर्शिका पाठ करूं लागलीं आहेत.

कायद्यास या बाबतींत कसलाही भ्रम नाहीं. लोक जेथें बक्षिसासाठीं स्पर्धा करतात असे दूरचित्रवाणीवरील खेळ २००१ च्या वित्त कायद्यानें प्राप्तिकराच्या व्याख्येंत घातले, तेव्हां ते लॉटरी, शब्दकोडीं, घोड्यांच्या शर्यती आणि पत्त्यांचे डाव यांच्या रांगेंत नेऊन बसविले. अशा मिळकतीवर शेंकडा ३० या दरानें कर पडूं लागला, आणि ती मिळविण्यासाठीं केलेला खर्चही त्यांतून वजा मिळेना. शिक्षकाच्या पगारास किंवा ग्रंथकाराच्या मिळकतीस ही रांग नाहीं. ज्ञानानें मिळविलेला हक्क घोड्यांच्या शर्यतींशेजारीं उभा राहतो, यांत विसंगति कोणाची? सरकारास जें कळलें, तें आम्हां सुशिक्षितांस कां कळूं नये?

अमेरिकेचा अनुभव याहून बोलका आहे. तेथें १९५६ सालीं ‘ट्वेंटी-वन’ नांवाचा असाच खेळ निघाला. कोलंबिया विद्यापीठांत इंग्रजी शिकविणारे चार्ल्स व्हॅन डोरेन त्यांत १,२९,००० डॉलर जिंकून घरोघर आदर्श ठरले. २ नोव्हेंबर १९५९ रोजीं लोकप्रतिनिधींच्या समितीपुढें त्यांनीं कबूल केलें, कीं प्रश्न व उत्तरें आपणांस आधींच पुरविलीं जात होतीं. पुढें १९६० सालीं असें करणें गुन्हा ठरविणारा कायदा झाला. आमच्याकडील खेळांत असें कांहीं घडतें, असा आमचा आरोप नाहीं. तशी शंका घेण्यासही आमच्यापाशीं आधार नाहीं. परंतु त्या प्रकरणाचें मर्म लबाडीपुरतें नव्हतें. तो खेळ एका शक्तिवर्धक औषधाच्या जाहिरातीवर चाले, आणि जाहिरातदारास हवा होता तो ज्ञानी मनुष्य नव्हे, तर प्रेक्षकांस खिळवून ठेवील असा चेहरा. म्हणूनच ज्ञानाचें सोंगही तेथें चालून गेलें.

आमच्याकडे सोंगाची जरूर पडत नाहीं, कारण चेहऱ्याची जागा येथें कहाणीनें घेतली आहे. प्रश्नांच्या मधून मधून स्पर्धकाचें घर, गल्ली, आईबाप, आजारपण आणि कर्ज यांचीं चित्रें दाखविलीं जातात. दारिद्र्य जितकें गडद, तितका विजय उजळ; आणि विजय जितका उजळ, तितके पाहणारे अधिक व जाहिरातीचा दरही अधिक. स्पर्धक आपली बुद्धि घेऊन येतो, पण विकला जातो तो त्याचा संसार.

२०१९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील एका शाळेंत खिचडी शिजविणाऱ्या बाईंनीं एक कोट रुपये जिंकले, आणि सात कोटींच्या प्रश्नाशीं थांबण्याचें शहाणपणही दाखविलें. साऱ्या महाराष्ट्रास आनंद झाला, आम्हांसही झाला. पण त्या आनंदांत एक आंकडा सर्वांनीं ऐकला आणि सोडून दिला. त्या कामाबद्दल त्यांस महिन्यास १,५०० रुपये मिळत होते. शेंकडों मुलांच्या पोटांत ऊन घास घालण्याचें हें मोल! या दरानें एक कोट रुपये मिळवावयाचे, तर त्यांस साडेपांचशें वर्षांहून अधिक काळ चुलीपुढें बसावें लागलें असतें. सरकारी भाषेंत या रकमेस वेतनही म्हणत नाहींत, ‘मानधन’ म्हणतात. केंद्रानें २००९ सालीं ठरविलेला त्याचा दर महिन्यास १,००० रुपये, आणि तोही वर्षाचे दहाच महिने. त्यांत मान किती आणि धन किती, हें वाचकांनींच पाहावें.

आतां ‘हक्क’ हा शब्द कोठें शोभतो? हक्क तो, जो न मिळाल्यास दाद मागतां येते, आणि जो एकास मिळाला म्हणून दुसऱ्याचा बुडत नाहीं. बक्षीस तें, जें देणाऱ्याच्या नियमांनीं, देणाऱ्याच्या सोयीनें, हजारांतून एकास मिळतें. त्या बाईंचा हक्क होता कामाच्या योग्य मोबदल्याचा; तो त्यांस शाळेच्या स्वयंपाकघरांतच मिळावयास हवा होता. खेळानें दिलें तें बक्षीस. शिवाय हक्क मनुष्यास स्थिर करतो. बक्षीस कित्येकदां त्यास मुळांसकट हालवितें. पांच कोट जिंकणाऱ्या त्या बिहारी गृहस्थांनींच २०२० सालीं लिहिलें, कीं विजयानंतरचा काळ आपल्या आयुष्यांतील सर्वांत वाईट काळ ठरला.

‘गरिबाच्या घरीं कोट रुपये आले, तर तुमच्या पोटांत कां दुखतें?’ असें कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. आले याचें दुःख नाहीं; त्यांतील एक रुपयाही कमी व्हावा असें आम्हांस वाटत नाहीं. दुःख याचें, कीं त्या एका घरीं ते आले म्हणून आपण सर्वजण समाधानानें दिवा मालवून निजलों. त्याच सकाळीं राज्यभरांतील हजारों शाळांतून त्याच मोलानें चुली पेटल्या, त्यांची आठवण त्या टाळ्यांत बुडाली. एकीचा जयजयकार झाला, कीं उरलेल्यांस ‘तुम्हांस ज्ञान नव्हतें’ असें सांगण्यास आपण मोकळे होतों. तें ब्रीद उलटून वाचलें तर त्याचा अर्थ हाच निघतो: ज्यास हक्क मिळाला नाहीं, तो अज्ञानी म्हणून मिळाला नाहीं. दारिद्र्याचा सारा दोष दरिद्र्याच्याच माथीं मारणारा याहून सोपा सिद्धान्त आमच्या ऐकण्यांत नाहीं.

म्हणून आमचें मागणें थोडें आहे. खेळ पाहा, मुलांसही दाखवा. पण बक्षिसास बक्षीस म्हणा. आणि त्यांच्या शाळेंत, किंवा शेजारच्या सरकारी शाळेंत, जेवण रांधणाऱ्या बाईस महिन्यास काय मिळतें, हें त्यांस विचारून यावयास सांगा. तो आंकडा ऐकून ज्यास लाज वाटेल, त्यानें तो आपल्या आमदारापुढें आणि वर्तमानपत्रापुढें ठेवावा, पुन्हां पुन्हां ठेवावा. ज्ञानानें हक्क मिळतो तो याच वाटेनें. तिला वेळ लागतो, आणि तेथें टाळ्या वाजत नाहींत.