जुने नाव

आमच्या शेजारी परवा एका मुलीचे बारसे झाले. आत्याने बाळाच्या कानात 'जिजा' हे नाव सांगितले, तोच एक पाहुणे म्हणाले, ''अहो, हे काय जुनाट नाव! शाळेत मुली हसतील हिला.''

मुलांनो, मला हे पटत नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे १५९८ साली लखुजी जाधवांच्या घरी जिजाऊ जन्मल्या. त्यांनी शिवराय घडवले. तारा हे नावही जुनेच. पण बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री पुरुष तुलना' लिहून स्त्रियांची बाजू निर्भयपणे मांडली. नावाला तेज येते ते असे, कर्तृत्वाने.

मात्र जुने ते सारेच सोने नव्हे. मुलगी नको होती, म्हणून तिला 'नकुशा' म्हणण्याची रीतही जुनीच. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ते योग्यच झाले.

तेव्हा नाव जुने की नवे, हे पाहू नये. ते मायेने ठेवले आहे की नाही, हे पाहावे. उद्या तुमच्या वर्गात एखादी जिजा आली, तर हसू नका. तिला तिच्या नावाने आदराने हाक मारा.