पंचवीस सेंटांची स्मरणिका

भावी पिढ्यांनी आपल्याला कशावरून ओळखावे हे आपणच ठरवून ठेवावे, असा मोह सत्तेला आणि संपत्तीला नेहमीच होत आला आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात १९३९ साली जे जागतिक प्रदर्शन भरले, त्याच्या निमित्ताने हा मोह अगदी शास्त्रशुद्ध रीतीने पुरा करून घेण्यात आला. वेस्टिंगहाउस कंपनीने प्रदर्शनाच्या जागेत पन्नास फूट खोल खड्डा खणून २३ सप्टेंबर १९३८ रोजी तांब्याच्या मिश्रधातूची एक कालकुपी पुरली. आइन्स्टाइन आणि टॉमस मान यांची भविष्यातील मानवाला उद्देशून लिहिलेली पत्रे, मायक्रोफिल्मवर उतरविलेली हजारो पाने, बी-बियाणे, कापडाचे नमुने आणि मिकी माऊसचे चित्र असलेला लहान मुलांचा एक पेला, असा ऐवज तीत होता. ही कुपी ६९३९ साली, म्हणजे प्रदर्शनानंतर बरोबर पाच हजार वर्षांनी उघडावी, असा संकेत आहे.

कुपी पुरल्यानंतर सुमारे सात महिन्यांनी याच प्रदर्शनाची आणखी एक आठवण बाजारात आली. तिच्यासाठी कोणी खड्डा खणला नाही की शास्त्रज्ञांची समिती नेमली नाही. पुढे ‘डीसी’ या नावाने जगभर प्रसिद्ध झालेल्या प्रकाशनसंस्थेने काढलेला तो चित्रकथांचा ९६ पानांचा अंक होता. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड्‌स फेअर कॉमिक्स’ असे त्याचे नाव. कव्हर जाड पुठ्ठ्याचे, आतला कागद वृत्तपत्राचा, किंमत २५ सेंट. त्या काळी ६४ पानांचे कॉमिक्स १० सेंटांना मिळे, हे लक्षात घेतले म्हणजे ही किंमत मुलांच्या खिशाला केवढी जड होती हे कळते. प्रदर्शनात मुलांना प्रवेशशुल्क २५ सेंटच होते. म्हणजे एकदा प्रदर्शन पाहावे की त्याचा अंक विकत घ्यावा, असाच हा हिशेब होता. मुलांनी काय निवडले असेल ते सांगायला नको. अंक पडून राहू लागला, तेव्हा उरलेल्या प्रतींवर १५ सेंटांची चिठ्ठी चिकटविण्यात आली, आणि १९४० साली दुसरा अंक निघाला तो १५ सेंटांनाच.

या अंकांचे महत्त्व समजण्यासाठी प्रदर्शनाचे स्वरूप थोडे पाहिले पाहिजे. कोरोना येथील राखेचे आणि कचऱ्याचे डोंगर सपाट करून, सुमारे बाराशे एकरांवर ‘उद्याचे जग’ उभारण्यात आले होते. मध्यभागी सहाशे फुटांहून उंच असा एक निमुळता सुळका आणि त्याच्या शेजारी सुमारे १८० फूट व्यासाचा प्रचंड गोल. जनरल मोटर्स कंपनीच्या दालनात १९६० सालच्या अमेरिकेची प्रतिकृती केलेली होती. प्रेक्षकांनी सरकत्या खुर्च्यांत बसून ती वरून पाहायची आणि बाहेर पडताना ‘मी भविष्य पाहिले आहे’ अशा अर्थाचा बिल्ला छातीवर लावायचा. आर्थिक मंदीने दहा वर्षे पिचलेल्या समाजाला हे स्वप्न हवे होते यात शंका नाही. पण ते स्वप्न मोटारी विकणाऱ्यांनी रंगविलेले होते, आणि त्यात रुंद रस्त्यांना जेवढी जागा होती तेवढी माणसांना नव्हती, हेही तितकेच खरे.

हेच प्रदर्शन स्मरणिकेत कसे दिसते? तेथे सुळका आणि गोल आहेत, पण केवळ पार्श्वभूमीला. त्यांच्यापुढे सुपरमॅन आहे, स्लॅम ब्रॅडली नावाचा दणकट गुप्त पोलीस आहे, तोंडावर वायूचा मुखवटा चढवून वावरणारा सँडमॅन आहे, आणि झटारा नावाचा जादूगारही आहे. या झटारावर ली फॉक यांच्या मँड्रेकची छाप इतकी उघड आहे की, ‘इंद्रजाल’मालेतून मँड्रेकला भेटलेल्या मराठी वाचकाला हा गृहस्थ मुळीच परका वाटू नये. मजेची गोष्ट अशी की, पहिल्या अंकाच्या कव्हरवर सुपरमॅनचे केस सोनेरी छापले गेले आहेत! जून १९३८चा अंक ही ज्याची जन्मतारीख, तो नायक कसा दिसतो हे खुद्द त्याच्या छापखान्यातही पुरते पक्के झालेले नव्हते. बॅटमॅन तर या अंकात नाहीच. तो नुकताच, महिनाभरापूर्वी, अवतरला होता. पुढे ज्यांना अमेरिकेची पुराणकथा म्हणून ओळखले जाऊ लागले, ती पात्रे येथे कच्च्या अवस्थेत भेटतात. कंपन्यांच्या दालनांत भविष्य तयार होऊन, रंग देऊन ठेवलेले होते. या अंकात ते घडत होते, आणि जे टिकले ते हेच.

दुसऱ्या अंकाच्या वेळी जग बदललेले होते. प्रदर्शनाचा पहिला हंगाम ऑक्टोबर १९३९मध्ये संपला, त्याच्या दोन महिने आधी हिटलरने पोलंडवर आक्रमण केले होते. ११ मे १९४० रोजी प्रदर्शन पुन्हा उघडले तेव्हा ‘उद्याचे जग’ हे घोषवाक्य मागे पडले होते आणि ‘शांततेसाठी आणि स्वातंत्र्यासाठी’ असा नवा उद्‌घोष करण्यात आला होता. सोव्हिएत रशियाचे भव्य दालन पाडून टाकण्यात आले होते. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांची दालने मात्र उभी होती. त्यांचे देश नकाशावरून पुसले गेले होते. अशा वेळी सुपरमॅन, बॅटमॅन आणि रॉबिन हे तिघे दुसऱ्या अंकाच्या कव्हरवर प्रथमच एकत्र आले. आत मात्र त्यांच्या कथा वेगवेगळ्या होत्या. सुपरमॅन आणि बॅटमॅन यांची भेट एका कथेत व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. ३ जुलै १९४० रोजी प्रदर्शनात ‘सुपरमॅन दिन’ साजरा झाला आणि सुपरमॅनच्या वेषातील नटाला पाहायला मुलांची झुंबड उडाली. दुसऱ्याच दिवशी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ब्रिटिश दालनात एक बॉम्ब सापडला. तो मोकळ्या जागेत नेऊन तपासत असताना स्फोट झाला आणि दोन पोलीस ठार झाले. गुन्हेगार कधीच सापडला नाही.

प्रदर्शनाला दोन हंगामांत सुमारे साडेचार कोटी लोकांनी भेट दिली, तरी रोखे घेणाऱ्यांचा सगळा पैसा काही परत मिळाला नाही. सुळका आणि गोल मोडून त्यांचे पोलाद युद्धसाहित्यासाठी देण्यात आले. स्मरणिका मात्र मेली नाही. तिच्याच आकाराचे आणि त्याच किमतीचे एक नियतकालिक १९४१च्या वसंतात निघाले आणि दुसऱ्या अंकापासून ‘वर्ल्ड्‌स फाइनेस्ट कॉमिक्स’ हे नाव घेऊन १९८६ सालापर्यंत चालले.

मग या अंकांच्या प्रती इतक्या दुर्मिळ का झाल्या? कागद लाकडाच्या लगद्याचा; त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो, हे एक कारण. युद्धकाळात मुलांनी शाळांमार्फत रद्दी गोळा करून सरकारला दिली, तीत कॉमिक्सचे ढीगच्या ढीग गेले, हे दुसरे. पण तिसरे कारण शिक्षकवर्गाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. प्रदर्शन पुन्हा उघडण्याच्या अवघे तीन दिवस आधी, ८ मे १९४० रोजी, शिकागोच्या एका दैनिकात स्टर्लिंग नॉर्थ या साहित्यसमीक्षकाने कॉमिक्स हा राष्ट्रीय कलंक असल्याचा अग्रलेखी प्रहार केला. त्याचे प्रतिध्वनी पुढे पंधरा वर्षे उमटत राहिले. १९४८ साली काही गावांत शाळकरी मुलांकडूनच कॉमिक्सच्या होळ्या पेटविण्यात आल्या. नाझींनी पुस्तके जाळली त्याला तेव्हा पंधरा वर्षेच झाली होती, याचे स्मरण त्या सद्‌हेतूने प्रेरित झालेल्या वडीलधाऱ्यांना राहिले नाही. कॉमिक्समध्ये भडकपणा आणि हिंसा होती, वंशद्वेषाची विकृत चित्रेही होती. समीक्षकांचे सर्वच म्हणणे खोटे नव्हते. तथापि वाईट पुस्तक नाकारणे आणि ते अस्तित्वातून नाहीसे करणे यांत जे अंतर आहे, ते सुशिक्षितांनीच ओलांडावे ही गोष्ट गंभीर म्हटली पाहिजे.

निर्मात्यांची कथा याहून वेगळी नाही. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन ज्यू तरुणांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरना विकले. प्रदर्शनाच्या अंकातील सुपरमॅनची कथा त्यांचीच. प्रकाशकांनी त्यातून अमाप पैसा मिळविला आणि या दोघांना उतारवयापर्यंत हलाखीत दिवस काढावे लागले. १९७५ साली वृत्तपत्रांतून ओरड झाली, तेव्हा कुठे कंपनीने प्रत्येकी वार्षिक २० हजार डॉलरचे निवृत्तिवेतन आणि श्रेयनामावलीत नाव देऊ केले. ‘उद्याच्या जगा’त कारागिराचा वाटा किती, हा प्रश्न त्या प्रदर्शनाच्या कोणत्याही दालनात मांडलेला नव्हता.

आज परिस्थिती नेमकी उलट्या टोकाला गेली आहे. ज्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’मधून सुपरमॅन अवतरला, त्याच्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरना लिलावात विकली गेली. प्रदर्शनाच्या अंकांना तेवढा भाव नसला तरी चांगली प्रत सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरच आहे. प्रतीची तपासणी करून तिला दहापैकी गुण दिले जातात आणि मग ती पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत मोहोरबंद केली जाते. मोहोर तोडली की गुण गेले आणि भावही गेला. त्यामुळे ज्याच्याकडे अंक आहे त्याला तो वाचता येत नाही! एका मुलाने उशीखाली जपलेली वस्तू अखेर दुसरी कालकुपी होऊन बसली. फरक एवढाच की ती पाच हजार वर्षांनी उघडण्याचाही कोणाचा संकल्प नाही. संग्राहकांना दोष देण्यात मात्र अर्थ नाही. विद्वान ज्या काळात नाक मुरडत होते त्या काळात ही पाने त्यांनीच सांभाळली, आणि मूळ प्रकाशकांनी २००४ साली दोन्ही अंकांचे पुनर्मुद्रण बांधीव पुस्तकात केले तेही या जपलेल्या वारशाच्याच बळावर म्हटले पाहिजे.

पण अमेरिकेत आणखी एक यंत्रणा मुकाटपणे काम करीत होती. स्वामित्वहक्काच्या नोंदणीसाठी प्रकाशकांनी प्रती जमा करायच्या, या नियमामुळे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कॉमिक्स येत राहिली आणि त्यांचा तेथे आज फार मोठा सार्वजनिक संग्रह आहे. तेथे वाचकाला गुणांकन विचारले जात नाही. संग्रह करताना वाङ्मयीन दर्जाची चाळणी लावली असती तर यातले काहीच उरले नसते. कारकुनी नियमाने जे साधले ते रसिकतेला साधले नसते, असे म्हणणे कित्येकांना आवडणार नाही. परंतु वस्तुस्थिती तशी आहे.

असा नियम भारतातही आहे. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठविणे बंधनकारक केले. १९५६ साली त्यात वृत्तपत्रांचाही समावेश झाला. या चारांपैकी एक ग्रंथालय मुंबईत आहे. मूळ कायद्यात नियमभंगाला कमाल दंड ५० रुपये ठेवला होता, यावरून या कामाला किती महत्त्व दिले गेले ते दिसते. मुंबईहून १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झाले आणि १९९० सालापर्यंत चालले. त्यातील वेताळाने मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली आणि कित्येक घरांत तो भूगोलाच्या पुस्तकाच्या आड लपवून वाचला गेला. त्या मराठी अंकांची भाषा, त्यातील अनुवादकांनी घडविलेले शब्द, मागच्या कव्हरवरच्या जाहिराती ही सगळी त्या काळाची साधनसामग्री आहे. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने कोणते अंक कोणत्या ग्रंथालयात आहेत याची साधी यादी केली, तरी ते मोठे काम होईल. शाळांच्या आणि तालुक्याच्या वाचनालयांनी आपल्या माळ्यावरचे गठ्ठे सोडून पाहावेत, आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाला दारात येण्यापूर्वी पाहावेत. रद्दीचा भाव किलोवर ठरतो आणि वेताळाचा अंक वजनाला फार हलका असतो.