वानप्रस्थाची प्रश्नपत्रिका

सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री सुरतेस आला होता. १६८९ सालच्या त्या प्रवासाचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. त्यात इथल्या एका आगळ्या रुग्णालयाचा उल्लेख येतो. गायी, घोडे, शेळ्या, कुत्री अशी आजारी, लंगडी आणि वयाने थकलेली जनावरे तेथे सांभाळली जात. ज्या नगरीने तीनशे वर्षांपूर्वी म्हाताऱ्या जनावरांचीही सोय लावली होती, त्याच नगरीत म्हाताऱ्या माणसाने कोठे राहावे हा प्रश्न आज घरोघर हलक्या आवाजात बोलला जातो. हलक्या आवाजात अशासाठी, की ज्याच्याविषयी तो असतो तो पलीकडच्या खोलीत जागाच असतो.

माझे एक ज्येष्ठ स्नेही आहेत. आम्ही सारे त्यांना आप्पा म्हणतो. मूळचे नंदुरबारकडचे, हयात सुरतेत शिक्षकी करण्यात गेली. पत्नी निवर्तल्या, एकुलता मुलगा परदेशी. त्याने शहराबाहेरील एका निवृत्तनिवासाची रंगीत पुस्तिका पाठविली आणि ‘एकदा पाहून तरी या’ असे कळविले. आप्पा माझ्याकडे आले नि म्हणाले, “हेडमास्तर, तुम्ही बरोबर चला. मला विचारायला सुचत नाही, आणि नाही म्हणायला धीर होत नाही.”

आम्ही गेलो. व्यवस्थापकांनी बाग दाखविली, वाचनालय दाखविले, मंदिर दाखविले, चहाही उत्तम दिला. परतताना आप्पा एवढेच बोलले, “सगळे दाखविले हो, पण तिथे राहणारा माणूस काही दिसला नाही.”

मी मनात ओशाळलो. शाळातपासणीची तारीख कळली की आम्ही मंडळी काय करतो ते मी जाणतो. फळे रंगतात, तक्ते टांगले जातात, हुशार मुले पुढच्या बाकावर येतात. शाळा खरी कशी आहे हे तपासनीस न सांगता आले तरच कळते. तेव्हा आम्ही ठरविले की पुन्हा जायचे. पण न कळविता आणि जेवणाच्या वेळी. त्याआधी दोघांनी बसून प्रश्न काढले. प्रश्नपत्रिका काढण्यात उभयतांचे आयुष्य गेलेले! त्यांतील काही वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे देतो.

पहिले प्रश्न कचेरीत विचारायचेच नाहीत. ते भोजनगृहात, तिथे राहणाऱ्यांच्या शेजारी बसून विचारायचे. काल रात्री काय जेवलात? ताट आवडले नाही तर सांगता येते का? दुपारी अंमळ पडल्यावर कोणी विचारपूस करते का? इथून कोणी सोडून गेले का, आणि का गेले? आपल्या मंडळींना आणखी एक प्रश्न आवश्यक आहे. गुजरातेतील अनेक संस्थांत कांदा-लसूण वर्ज्य असतो आणि वरण गुळाचे असते. चार दिवस ते गोड लागते. परंतु ज्याची जीभ कळण्याच्या भाकरीवर आणि ठेच्यावर वाढली, त्याने वर्षभर काय खावे?

दुसरा प्रश्न भाषेचा. हा आप्पांचा. “दिवसा मी गुजराती छान बोलतो. पण रात्री दोनला छातीत कळ आली तर मी ती अहिराणीतच सांगणार. ऐकणाऱ्याला कळेल का?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्मृती क्षीण होऊ लागली की मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते नि आईची तेवढी उरते, असा अनुभव अनेक कुटुंबांना येतो. सुरतेत खानदेशी माणसांची वाण नाही. त्यांच्यापैकी एखादी परिचारिका वा सेवक रात्रपाळीला आहे का, एवढे विचारण्यास संकोच कसला?

तिसरे प्रश्न जागेचे, आणि ते सुरतेच्या माणसाला निराळे शिकवावे लागू नयेत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी आले तेव्हा अडाजण, रांदेरचे तळमजले बुडाले होते. तेव्हा या जागेवर पाणी कुठवर होते? वीज गेली, उद्वाहन बंद पडले, तर चौथ्या मजल्यावरच्या अंथरुणातील माणसाला खाली कोण आणील? २४ मे २०१९ रोजी सरथाण्याच्या तक्षशिला इमारतीतील आगीत शिकवणीला आलेली २२ मुले गेली. तरुण पोरांना जिथून निसटता आले नाही, तिथे गुडघे धरून चालणाऱ्यांचे काय होईल? म्हणून दुसरा जिना कोठे आहे ते स्वतः चालून पाहावे, त्याचे दार कुलूपबंद नाही ना तेही पाहावे. उतरणीला एक फूट चढासाठी किमान बारा फूट लांबी हवी. न्हाणीघरात धरावयास दांडी हवी. आणि चाकाची खुर्ची दारातून आत जाते का, हे खुर्ची आणवूनच तपासावे.

चौथे प्रश्न पैशाचे. अनामत किती, परत किती, किती दिवसांत, आणि मृत्यूनंतर कोणाला? दरमहाची रक्कम दरवर्षी किती वाढेल? जागा विकत घ्यावयाची असेल तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालील, म्हणजे रेराचा, नोंदणी क्रमांक मागावा. परंतु हा कायदा मुख्यतः बांधकाम व विक्री पाहतो. सकाळचा चहा नि रात्रीची परिचारिका यांची हमी तो देत नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये निवृत्तनिवासांसाठी जी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत बांधणारा, सेवा देणारा आणि राहणारा अशा तिघांचा करार सुचविला आहे. तसा करार आहे का, आणि सेवा देणारी संस्था उद्या निघून गेली तर काय, हे लेखी विचारावे.

याच ठिकाणी एक सावधगिरी. निवासात जाण्याच्या भरात राहते घर मुलांच्या नावे करून देण्याची घाई करू नये. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमान्वये, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळविता येते. पण ती अट दस्तऐवजात लिहिलेली असावी. प्रेमापोटी अट घालणे आपल्याला अवघड वाटते, आणि नेमके तेच पुढे अडते. सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद झाली आहे. तेव्हा ते कार्ड चालणारे जवळचे रुग्णालय कोणते, तेही विचारावे.

आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते रात्रीच्या जेवणाला. बरेचसे प्रश्न मी विचारले. उत्तरे कधी चांगली, कधी गोलमोल आली. शेवटी आप्पांनी स्वतः तोंड उघडले. “साहेब, मी अंथरुणाला खिळलो तर तुम्ही मला ठेवाल का?” व्यवस्थापक क्षणभर थांबले. मग त्यांनी नियमावली काढून वाचून दाखविली. आपले आपण करू शकणाऱ्यांनाच प्रवेश. पुढे प्रकृती ढासळल्यास कुटुंबीयांनी घेऊन जावे. रंगीत पुस्तिकेत हे वाक्य नव्हते. त्या गृहस्थांनी मात्र ते लपविले नाही, म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. विचारले म्हणून कळले, इतकेच.

माझ्या मते ही साऱ्या प्रश्नांची नाळ आहे. आपल्या शास्त्रकारांनी तिसऱ्या आश्रमाला वानप्रस्थ म्हटले. प्रस्थान म्हणजे स्वतः निघणे. त्यात नेऊन ठेवले जाणे नाही. मुलगा प्रश्न विचारतो तेव्हा तो किंमत, अंतर नि सुरक्षितता विचारतो, आणि ते योग्यच आहे. पण ‘मी लुळा झालो तर?’ हा प्रश्न ज्याला लुळे होण्याची भीती आहे त्यालाच सुचतो. म्हणून जो राहणार आहे त्याने स्वतः जावे, त्याने विचारावे, आणि त्याच्या ‘नाही’चाही मान राखावा. मुलामुलींनी सोबत जरूर जावे. परंतु खुर्ची अर्धा हात मागे घेऊन बसावे.

आप्पांनी त्याच रात्री मुलाला दूरध्वनी केला. रागावले नाहीत. नियमावलीतले ते वाक्य वाचून दाखविले आणि विचारले, “तो दिवस आला तर काय करायचे, ते आपण दोघांनी आत्ताच ठरवू या.” पलीकडे बराच वेळ शांतता होती, असे ते म्हणाले. मग मुलाने, दिवाळीत येतो नि समोरासमोर बसून ठरवू, असे सांगितले.

तोवर आप्पा त्याच निवासात एक महिना पाहुणा म्हणून राहणार आहेत. तशी सोय तिथे आहे, हेही विचारल्यावरच कळले. घर विकलेले नाही. किल्ली माझ्याकडे आहे, आणि तुळशीला पाणी घालण्याचे काम मी अंगावर घेतले आहे.