वेळ पाळणाऱ्यालाच शिक्षा?

जून महिना उजाडला की महाराष्ट्रातील घराघरांत दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पावसाची आणि दुसरी महाविद्यालयीन प्रवेशाच्या मुदतवाढीची. पाऊस कधी हुलकावणी देतो. मुदतवाढ सहसा देत नाही. शेवटच्या दिवशी, अनेकदा सायंकाळ उलटल्यावर, 'विद्यार्थ्यांच्या व्यापक हितास्तव' या पालुपदाचे परिपत्रक निघते आणि पुढील सारे वेळापत्रक पुढे ढकलले जाते. या हितात नेमके कोणते विद्यार्थी मोडतात, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

तो विचारला पाहिजे. मराठवाड्यातील वा खानदेशातील एखाद्या तालुक्यातील पालक डोळ्यांसमोर आणावा. मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर यांच्या मागे तो मार्चपासून लागलेला असतो. ऐन पेरणीच्या दिवसांत मजुरी बुडवून तो तहसील कचेरी आणि सेतू केंद्राच्या पायऱ्या झिजवतो. अर्ज मुदतीत भरतो, शहरातील खोलीसाठी अनामत रक्कम देतो. आणि एके दिवशी कळते की अर्जाची मुदत आठ दिवसांनी वाढली, गुणवत्ता यादी लांबली, वर्ग केव्हा सुरू होतील ते नंतर कळेल. खोलीचे भाडे मात्र लांबत नाही. ज्याने नियम पाळला, त्याच्याच खिशाला चाट बसते.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. प्रवेश गुणांवर होतो, अर्ज आधी भरल्याबद्दल कोणाला जादा गुण मिळत नाहीत. मग उशिरा येणाऱ्याला आत घेतल्याने बिघडले काय? वरवर पाहता हे बिनतोड वाटते, पण ते अर्धसत्य आहे. मुदतीत प्रमाणपत्र हाती आले नाही म्हणून आरक्षणाचा हक्क असूनही ज्याने निमूटपणे खुल्या प्रवर्गातून अर्ज भरला, त्याचे काय? त्याच्याच बाकावरचा दुसरा विद्यार्थी 'वाढेल मुदत' म्हणून थांबला, मुदत खरोखरच वाढली आणि तो सवलतीस पात्र ठरला. एकाने शासनाच्या शब्दावर विश्वास ठेवला, दुसऱ्याने शासन शब्द पाळणार नाही यावर. फळ दुसऱ्याला मिळाले! यातून तरुण पिढीने कोणता धडा घ्यावा?

मुदतवाढीचे आणखी एक लाभार्थी आहेत. त्यांचे नाव परिपत्रकात कधीच नसते. ज्यांच्या जागा भरत नाहीत अशा खासगी संस्थांना वाढलेला प्रत्येक दिवस म्हणजे गिऱ्हाईक शोधण्याची नवी संधी असते. गरीब विद्यार्थ्याचे नाव पुढे करायचे आणि रिकाम्या तुकड्या भरायच्या, ही चतुराई नवी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ती फार पूर्वी ओळखली. वैद्यकीय प्रवेशांबाबत २००२ च्या मधु सिंग प्रकरणात सत्राच्या मध्येच प्रवेश देण्यास न्यायालयाने मज्जाव केला. २०१२ मध्ये पार्श्वनाथ चॅरिटेबल ट्रस्टच्या प्रकरणात तंत्रशिक्षणासाठी सविस्तर वेळापत्रक आखून देण्यात आले: १ ऑगस्टला सत्रारंभ आणि रिक्त जागांवरील शेवटचा प्रवेश १५ ऑगस्टपर्यंत. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला महाविद्यालयाची घंटा केव्हा वाजावी हे सांगावे लागले, यातच प्रशासनाच्या ढिलाईची पावती आहे. उशिरा सुरू झालेले सत्र परीक्षेच्या तारखेला मात्र गाठावेच लागते. मग पंधरा आठवड्यांचा अभ्यासक्रम दहा आठवड्यांत उरकला जातो आणि अर्धवट शिकलेला अभियंता समाजाच्या पदरी पडतो.

याचा अर्थ दारात उशिरा आलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर दार आपटावे असा मुळीच नाही. उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराचा मुलगा २०२४ मध्ये आयआयटी धनबादच्या प्रवेशास पात्र ठरला. अनुसूचित जातीच्या त्या मुलाला २४ जूनला सायंकाळी पाचपर्यंत १७,५०० रुपये भरायचे होते. गरीब बापाने पैसे जमवेपर्यंत घटका भरत आली आणि जागा हातची गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. या निर्णयाने ज्याचे मन आनंदले नाही, त्याने समरसतेच्या गोष्टी बोलू नयेत. परंतु न्यायालयाने काय केले आणि काय केले नाही, हे नीट पाहावे. सर्वांसाठी सरसकट मुदत वाढवली नाही, यादी मोडली नाही, कोणाची जागा काढून घेतली नाही. एका मुलाचे कारण तपासले आणि त्याच्यासाठी एक अतिरिक्त जागा निर्माण करण्यास सांगितले. करुणा आणि शिस्त एकाच आदेशात कशा नांदतात, याचा हा वस्तुपाठ आहे. सरसकट मुदतवाढीत करुणाही नसते आणि शिस्तही नसते. असते ती केवळ टाळाटाळ.

कारण बहुतेक मुदतवाढींचे मूळ विद्यार्थ्याच्या आळसात नसून शासनाच्या गैरव्यवस्थेत असते. २०२५ साली अकरावीचे केंद्रीय ऑनलाईन प्रवेश प्रथमच राज्यभर लागू झाले. दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला, नोंदणी २१ मे रोजी सुरू व्हायची होती आणि त्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले. नोंदणी पुन्हा सुरू व्हायला २६ मे उजाडला. जात वैधता प्रमाणपत्रांचीही तीच कथा. समित्यांकडे प्रकरणे पडून राहतात आणि मग मुदत वाढवून शासन स्वतःच्याच दिरंगाईवर पांघरूण घालते. वर त्याला विद्यार्थिहिताचे नाव! महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला किती दिवसांत मिळावा, हे त्या कायद्याखाली अधिसूचित आहे. तो कायदा जून महिन्यात रजेवर जातो काय?

उपाय अवघड नाहीत. संकेतस्थळ जेवढे तास बंद राहिले, तेवढेच तास मोजून वाढवून द्यावेत. एक मिनिट कमी नाही, एक मिनिट जास्त नाही. प्रमाणपत्रासाठी ज्याने वेळेत अर्ज केला, त्याची पोचपावती ग्राह्य धरून तात्पुरता प्रवेश द्यावा आणि विलंबाचा जाब कचेरीला विचारावा. दाखल्यांची तयारी दहावी-बारावीच्या वर्षात शाळेतच करून घ्यावी. अपवादात्मक प्रकरणांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी तत्काळ निर्णय देणारी व्यवस्था असावी, म्हणजे मजुराच्या मुलाला दिल्लीची वाट धरावी लागणार नाही. आणि एवढे करूनही मुदत वाढवावीच लागली, तर तिचे कारण व जबाबदार अधिकाऱ्याचे नाव परिपत्रकात छापावे.

विद्यार्थी संघटनांनीही अंतर्मुख होण्याची गरज आहे. मुदतवाढीचे निवेदन द्यायचे, ती मिळाली की विजयाचा फलक लावायचा, हा सोपा मार्ग झाला. त्यापेक्षा मे महिन्यात वस्तीवस्तीत टेबल टाकून शंभर मुलांचे अर्ज वेळेत भरून देणे कितीतरी मोलाचे. ज्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्या घराला मुदतवाढ नको असते. अर्ज कसा भरावा हे सांगणारा माणूस हवा असतो. तो माणूस होणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

शाखेची शिटी ठरल्या मिनिटाला वाजते. उशिरा येणाऱ्याला तेथून कोणी हाकलून देत नाही; पण त्याच्यासाठी शिटीही थांबत नाही. पुढच्या वेळी तो वेळेवर यावा म्हणून शेजारचा स्वयंसेवक त्याच्या घरी जाऊन त्याला हाक मारतो. राष्ट्राची घडी बसते ती याच दोन गोष्टींनी: न थांबणारी शिटी आणि दारात जाऊन मारलेली हाक. शासनाने पहिली सांभाळावी, समाजाने दुसरी. मग जूनमध्ये फक्त पावसाचीच वाट पाहावी लागेल.